आभार आधी, हिशेब मागाहून

कुणकेश्वरच्या देवळाविषयी देवगड तालुक्यात एक कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. एका परदेशी व्यापाऱ्याचे गलबत वादळात सापडले. कोणी त्याला अरब म्हणतात, कोणी इराणी. काळोखात त्याला किनाऱ्यावर एक दिवा मिणमिणताना दिसला. ‘वाचलो तर त्या दिव्याच्या जागी देऊळ बांधीन’ असा नवस त्याने केला. तो वाचला आणि त्याने देऊळ बांधले. मात्र परधर्माचे देऊळ उभारल्यावर आपले लोक आपल्याला जवळ करणार नाहीत या जाणिवेने त्याने शिखरावरून उडी घेऊन देह ठेवला, असे कथेचे शेवटचे वळण आहे. देवळाजवळ त्याचे थडगे आजही दाखवितात.

ही कथा इतिहासाच्या कसोटीस कितपत उतरेल हा प्रश्न वेगळा. समुद्राशी रोज गाठ असलेल्या लोकांनी ती जतन करून ठेवली, यातच तिचे मर्म आहे. संकटातून सुटलेल्या माणसाने उपकार स्मरल्यावाचून पुढे जाऊ नये, ही त्यांची भावना तीत उतरली आहे; आणि उपकार स्मरणाऱ्याचा धर्म कोणता, याची चौकशी कथा करीत नाही.

तथापि नवसाचे स्वरूप नीट पाहिले तर तो एक सशर्त करार असतो. आधी काम, मग दाम. गलबत किनाऱ्याला लागले तरच देऊळ. न लागले तर देणे उरत नाही. ख्रिस्ती समाजही यास अपवाद नाही. वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेत मेणाच्या बाहुल्या आणि मेणाचे हातपाय वाहणाऱ्या भाविकांत सर्व धर्मांचे लोक असतात. नवसाला हसण्याचे कारण नाही. बोललेला शब्द पाळणे हेही चारित्र्यच आहे. अडचण एवढीच की आपले बहुतेक आयुष्य वादळात जात नाही. ते नळाचे पाणी, शाळेचा डबा, सातची गाडी आणि महिन्याच्या अखेरीची ओढाताण यांत जाते. तेथे नवस बोलण्याजोगे संकट नसते, म्हणून नवस फेडण्याची वेळही येत नाही. परिणामी, ज्या घरात काहीही भयंकर घडत नाही त्या घरात आभार मानण्याचा प्रसंग कधीच उद्भवत नाही, आणि तक्रारीचा मात्र रोज उद्भवतो.

कृतज्ञता आणि आनंद ही अनुकूल परिस्थितीची आपोआप येणारी फळे आहेत, की ती माणसाने निवडावयाची गोष्ट आहे? या प्रश्नाला ख्रिस्ती परंपरेने दिलेले उत्तर निःसंदिग्ध आहे: ती निवडावयाची असते, आणि ती निवड रोज करावी लागते. प्रस्तुत लेखक ख्रिस्ती नाही. अर्थशास्त्र शिकविणे हा त्याचा व्यवसाय आहे. परंतु महाराष्ट्रातील काही ख्रिस्ती कुटुंबांनी या उत्तराची जी प्रचीती दिली ती आपणा सर्वांच्या उपयोगाची आहे, असे त्याला वाटते.

बंदिवासातले पत्र

ख्रिस्ती श्रद्धेतील उपकारस्तुतीचा उगम सुबत्तेत नाही, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. येशूने आपल्या शिष्यांसमवेत घेतलेले अखेरचे भोजन हा त्या श्रद्धेचा केंद्रबिंदू होय. अटक काही तासांवर आली आहे, सोबत्यांपैकी एक जण फितूर झाला आहे, आणि अशा वेळी तो भाकरी हाती घेऊन देवाचे आभार मानतो. चर्चमधील ज्या विधीत या भोजनाचे स्मरण केले जाते त्याचे मूळ ग्रीक नाव ‘युखरिस्तिया’ असे आहे आणि त्याचा अर्थच आभार मानणे असा आहे. म्हणजे ख्रिस्ती उपासनेचा गाभा असलेली कृतज्ञता संकट टळल्यानंतरची नव्हे. ती संकट समोर उभे असतानाची आहे.

संत पौलाचे फिलिप्पैकरांस लिहिलेले पत्रही असेच. अवघ्या चार अध्यायांच्या या पत्रात आनंदाचा उल्लेख पुनःपुन्हा येतो, आणि पत्र लिहिणारा त्या वेळी बंदिवासात होता. थेस्सलनीकाकरांस लिहिताना त्याने आभार मानण्याचा जो उपदेश केला तोही ‘सर्व परिस्थितीत’ मानण्याचा आहे, प्रत्येक परिस्थितीबद्दल मानण्याचा नव्हे. हा भेद बारीक असला तरी महत्त्वाचा आहे. मूल आजारी पडले याबद्दल देवाचे आभार मानावयास कोणी सांगत नाही. मूल आजारी असतानाही शेजारीण रात्रभर बसून राहिली, हे दिसण्याइतके डोळे उघडे ठेवावेत, एवढेच मागणे आहे.

या परंपरेत रडण्यालाही जागा आहे, हे पुष्कळदा विसरले जाते. बायबलमधील दीडशे स्तोत्रांपैकी कितीतरी स्तोत्रे ही विलापाची आणि देवाकडे केलेल्या तक्रारीची आहेत. ईयोबाचे पुस्तक तर सर्वस्व गमावलेल्या माणसाने देवाला विचारलेल्या जाबाचे पुस्तक आहे, आणि त्याला सोपी समजूत घालू पाहणाऱ्या मित्रांनाच त्यात शेवटी दोष दिला आहे. तेव्हा ख्रिस्ती आनंद म्हणजे चेहऱ्यावर ओढूनताणून आणलेले हसू, अशी समजूत कोणी करून घेऊ नये.

आभारातील भार

आता आपल्या घरांकडे वळू. मराठी कुटुंबात आभार मानण्याची पद्धत नाही. आईने ताट वाढले म्हणून मुलगा ‘आभारी आहे’ म्हणाला तर ती चकित होईल, कदाचित दुखावेलही. ‘घरच्या माणसांत आभार कसले?’ हा आपला युक्तिवाद असतो, आणि त्यात तथ्य आहे. ‘आभार’ या शब्दात ‘भार’ ऐकू येतो. आभार मानणे म्हणजे देणे कबूल करणे, आणि घरात कोणी कोणाचा देणेकरी नसतो, असा त्यामागील उदात्त विचार आहे. परंतु आभाराचा शब्द गेला म्हणून त्यामागची जाणीवही जावी काय? ‘कृतज्ञ’ या शब्दाची फोड केली तर ‘केलेले जाणणारा’ असा अर्थ निघतो. परतफेडीचा उल्लेख त्यात नाही. केवळ जाणण्याचा आहे. आपल्यासाठी काय केले गेले याची माहिती असणे, हीच कृतज्ञता. ज्या घरात आभार नाहीत आणि जाणीवही नाही, त्या घरात उदात्तता नसते, निव्वळ गैरहिशेब असतो.

या कोंडीतून वाट काढणारा एक शब्दप्रयोग गोव्यात आणि त्याला लागून असलेल्या आपल्या भागात फार दिवसांपासून आहे. तेथील कोकणी बोलणारा ख्रिस्ती माणूस आभार मानताना ‘देव बरें करूं’ असे म्हणतो. तुझे माझ्यावर ऋण झाले असे तो म्हणत नाही. देव तुझे बरे करो, असे म्हणतो. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे बँकांच्या समाशोधनगृहाची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. तेथे प्रत्येक बँक दुसऱ्या प्रत्येक बँकेशी स्वतंत्रपणे देणेघेणे मिटवीत नाही; सर्वांचे हिशेब एका ठिकाणी जातात. ‘देव बरें करूं’ म्हणणाऱ्याने आपले देणे असेच एका तिसऱ्या ठिकाणी जमा केलेले असते. त्यामुळे उपकार करणारा धनको बनून डोक्यावर बसत नाही, घेणारा मिंधा होत नाही, आणि परतफेड मूळ माणसालाच केली पाहिजे असे बंधन न राहिल्यामुळे ती पुढच्या कोणा गरजूपर्यंत जाऊ शकते.

मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी या भागांत कॅथलिक वस्ती जुनी आहे. २००५ साली सिंधुदुर्गाचा स्वतंत्र धर्मप्रांतही स्थापन झाला. कोकणी कॅथलिक घरांत संध्याकाळी सर्वांनी एकत्र बसून ‘तेर्स’ म्हणजे जपमाळेची प्रार्थना करावयाची, आणि ती संपली की धाकट्यांनी थोरांपुढे जाऊन ‘बेसांव’ म्हणजे आशीर्वाद मागावयाचा, असा रिवाज चालत आला आहे. आपल्याकडे तिन्हीसांजेला दिवा लावून शुभंकरोती म्हणणारी आणि मग आजीआजोबांच्या पाया पडणारी मुले आठवली की या दोन प्रथा एकाच मातीत वाढल्याचे जाणवते. शेतीतही तेच. गोव्यात ऑगस्ट महिन्यात भाताची पहिली कणसे देवळात नेऊन आशीर्वादित करण्याचा ‘कणसांचे फेस्त’ हा सण ख्रिस्ती गावे साजरा करतात. आपल्याकडे दाराला ‘नवे’ बांधतात. घरचा तांदूळ शिजविण्यापूर्वी तो कोठून आला याचे स्मरण करावयाचे, हा दोन्हींचा आशय. या रिवाजांत भावनेची वाट पाहिलेली नाही, ही त्यांतील खरी शिकवण आहे. मुलाला त्या दिवशी कृतज्ञ वाटत असो वा नसो, वेळ झाली की त्याने बसावयाचे असते. आधी कृती, मागाहून भावना.

संतोषाधिक्याचा धडा

ही सारी भाविकता झाली, हिशेबाचे काय, असे एखादा चिकित्सक वाचक विचारील. हिशेबही याच दिशेने बोट दाखवितो. महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षात घटत्या सीमान्त उपयोगितेचा सिद्धान्त शिकवितात: एकाच वस्तूची मात्रा वाढत गेली की प्रत्येक वाढत्या मात्रेपासून मिळणारे समाधान कमी कमी होत जाते. देवगडचा पहिला हापूस आणि त्याच बैठकीतला सहावा हापूस यांची तुलना ज्याने केली आहे त्याला हा सिद्धान्त समजावून सांगावा लागत नाही. संसाराचेही असेच होते. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात जी गोष्ट अपूर्व वाटते ती दहाव्या वर्षी दिसेनाशी होते. वस्तू तीच असते; सवय तिला खाऊन टाकते.

अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड ईस्टरलिन यांनी १९७४ साली असे निदर्शनास आणले की, देशाचे उत्पन्न दीर्घकाळ वाढत राहिले तरी लोकांनी स्वतः सांगितलेले समाधान त्या प्रमाणात वाढतेच असे नाही. या निष्कर्षावर अद्याप वाद चालू आहे. १९७८ साली अमेरिकेतील फिलिप ब्रिकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉटरी लागलेल्या २२ जणांची पाहणी केली, तेव्हा ते इतरांपेक्षा लक्षणीय सुखी नसल्याचे आढळले. उलट रोजच्या साध्या गोष्टींतून त्यांना मिळणारा आनंद कमी झाला होता. पाहणी लहान होती, तरी तिने विचारलेला प्रश्न मोठा होता. घबाड मिळाल्यावर सकाळचा चहा फिका लागत असेल तर नफा नेमका कशात झाला?

याच शास्त्रात ‘उपभोक्त्याचे संतोषाधिक्य’ नावाची एक सुंदर संकल्पना आहे. फ्रान्समधील अभियंता द्यूप्वी याने १८४४ साली तिची मांडणी केली आणि आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० च्या आपल्या ग्रंथाने ती पाठ्यपुस्तकांत नेली. एखाद्या वस्तूवाचून राहण्यापेक्षा आपण जी जास्तीत जास्त किंमत मोजावयास तयार झालो असतो ती, आणि प्रत्यक्षात मोजलेली किंमत, यांतील फरक म्हणजे संतोषाधिक्य. तहानलेला माणूस तांब्याभर पाण्यासाठी काय वाटेल ते देईल. त्याला द्यावे लागते जवळजवळ काहीच नाही. हा लाभ पावतीवर छापला जात नाही, म्हणून तो आपल्या ध्यानात येत नाही. कृतज्ञता म्हणजे या न छापलेल्या लाभाची नोंद घेणे होय, असे म्हटले तर ते वावगे ठरू नये.

आणि हा लाभ सर्वांत मोठा कोठे असतो? जेथे किंमत शून्य असते तेथे, म्हणजे घरात. पिगू यांनी १९२० च्या ग्रंथात एक मार्मिक उदाहरण दिले आहे: एखाद्याने पगारी घरकाम करणाऱ्या बाईशीच लग्न केले तर राष्ट्रीय उत्पन्न तेवढ्याने घटते, कारण काम तेच राहिले तरी पगार थांबतो. भारत सरकारच्या २०२४ च्या कालविनियोग पाहणीत सहा वर्षे व त्यावरील वयाच्या, घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा घरच्या माणसांसाठी विनामोबदला केलेल्या कामात जाणारा वेळ दिवसाकाठी सरासरी २८९ मिनिटे भरला. घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटे. जवळजवळ पाच तास आणि दीड तास. ज्या घरात या पाच तासांची कोणाला माहितीच नाही, त्या घरात जेवणापूर्वी कितीही स्तोत्रे वा श्लोक म्हटले तरी ‘केलेले जाणणे’ झाले नाही, असेच म्हणावे लागेल.

टिळकांचे बिऱ्हाड

तत्त्व सांगणे सोपे. त्याचा संसार करणे अवघड. तो ज्यांनी केला त्यांत नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांचे बिऱ्हाड मराठी वाचकाला सर्वांत जवळचे आहे. टिळक कोकणातले, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचे, जन्म १८६१. लक्ष्मीबाई माहेरच्या मनकर्णिका गोखले. जन्म १८६८, नाशिकजवळच्या जलालपूरच्या. सत्तावनच्या बंडानंतर त्यांच्या आईच्या वडिलांना फाशी झाली, त्या धक्क्याने त्यांच्या वडिलांना सोवळ्याचे वेड लागले, आणि घरात येणारी प्रत्येक वस्तू धुऊन घेण्याच्या त्या वेडाखाली मुलांचे बालपण गेले. पुढे नवरा मिळाला तो प्रतिभावान, दयाळू, शीघ्रकोपी आणि पैशाच्या बाबतीत सर्वस्वी बेभरवशाचा. हाती आलेले वेतन वाटेत भेटलेल्या गरजूला देऊन मोकळ्या हाताने घरी येणाऱ्या माणसाबरोबर चूल चालविणे म्हणजे काय, हे कारकुनी पगारात महिना काढणाऱ्या आपल्या वाचकांना समजावून सांगावयास नको.

१८९५ साली टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि संसार मोडला. लक्ष्मीबाई मुलाला घेऊन काही वर्षे नातेवाइकांच्या आश्रयाने राहिल्या. पुढे त्या नवऱ्याकडे परतल्या ते त्याचा धर्म स्वीकारून नव्हे, तर आपले सोवळे आणि आपली वेगळी चूल सांभाळून. जातिभेद माणसाने निर्माण केला आहे या निष्कर्षापर्यंत त्या स्वतःच्या विचाराने आल्या, आणि १९०० साली त्यांनी स्वतः ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यानंतर दुष्काळात पोरकी झालेली मुले त्यांच्या घरात आली; पुढे बालकवी ठोमरे यांच्यासारखा कवी त्यांच्याकडे मुलासारखा राहिला. उत्पन्न वाढले नव्हते. पंगत मात्र वाढत गेली.

हा सारा वृत्तान्त लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये लिहून ठेवला. १९३४ पासून तो भागांभागांनी ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईने साठीच्या आसपास मराठीतील एक श्रेष्ठ आत्मचरित्र लिहिले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याचा विशेष असा, की त्यात काहीही लपविलेले नाही. नवऱ्याचा राग, घरातली चणचण, बिऱ्हाडांची मोडतोड, मृत्यू, अपमान सगळे त्यात आहे, आणि तरीही पुस्तक वाचताना वाचक हसत राहतो. लक्ष्मीबाई आपल्या फजितीवर हसतात, टिळकांच्या विक्षिप्तपणावर हसतात, आणि त्या हसण्यात कडवटपणा नसतो. तीच सामग्री घेऊन एखाद्याने जन्मभर पुरेल असे आरोपपत्र लिहिले असते, आणि त्यातील एकही वाक्य खोटे ठरले नसते. लक्ष्मीबाईंनी निराळे पुस्तक लिहिले. घटना त्यांच्या हाती नव्हत्या. त्यांची मांडणी हाती होती, आणि ती त्यांनी निवडली. आनंद निवडणे याचा याहून स्पष्ट दाखला मला ठाऊक नाही.

ती निवड म्हणजे विस्मरण नव्हे. कृतज्ञ माणूस वाईट विसरतो अशी एक समजूत आहे. लक्ष्मीबाई काहीच विसरत नाहीत. वाईटाबरोबर चांगलेही तेवढ्याच तपशिलाने लक्षात ठेवतात, इतकेच. आपल्या बहुतेकांची स्मरणवही एकतर्फी असते: झालेला अपमान तारीखवार, आणि मिळालेली मदत मोघम. दोन्ही बाजू लिहिणे हा हिशेबाचा साधा नियम आहे. तो त्यांनी पाळला. टिळक १९१९ साली निवर्तले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे होते. त्याचे बहुसंख्य अध्याय पुढे लक्ष्मीबाईंनी लिहिले. ज्याच्याबरोबरचा संसार इतका खडतर झाला त्याचे अपुरे काम उरलेल्या आयुष्यात पुढे नेणे, ही कृतज्ञतेची मराठी भाषेतील एक थोर पावती होय.

दुसरे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. १८७० नंतरच्या दुष्काळात भटकंती करताना त्यांनी आईवडील आणि बहीण गमावली. १८८० साली भाऊ गेला, १८८२ साली पती गेले, आणि अखेरीस १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. १८८३ साली इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झालेल्या या विदुषीने केडगावच्या मुक्तिसदनात पोरक्या मुलींना आणि विधवांना आसरा दिला. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात जाऊन मुली घेऊन आल्या. ज्या भुकेने त्यांचे घर गिळले त्याच भुकेच्या तोंडातून त्या दुसऱ्यांची घरे ओढून काढीत होत्या. आपण वाचलो याबद्दलची कृतज्ञता त्यांनी मूळ देणेकऱ्याकडे न फेडता पुढे पाठविली. समाशोधनगृहाची कल्पना येथे अक्षरशः खरी होते.

कोणी कोणास सांगावे?

तथापि एक आक्षेप टाळून पुढे जाता येणार नाही. ‘आहे त्यात आनंद माना’ हा उपदेश जगात नेहमी वरून खाली आला आहे. धनिकाने गरिबाला, पुरुषाने स्त्रीला, संस्थाचालकाने तासिका तत्त्वावर राबणाऱ्या अध्यापकाला तो केला आहे. ‘काम मिळाले हेच नशीब समजा’ हे वाक्य आपल्यापैकी अनेकांनी ऐकले असेल. कोकणात तर एका संपूर्ण काळाची अर्थव्यवस्था मनीऑर्डरवर चालली: घरधनी मुंबईच्या गिरणीत, आणि घरधनीण गावी शेत, गुरे आणि सासूसासरे सांभाळीत. महिन्याला पैसे येतात याबद्दल तिने कृतज्ञ असावे, असे तिला सर्वांनी सांगितले. तिच्याविषयी कृतज्ञ असावे, असे मुंबईतल्या माणसाला किती जणांनी सांगितले?

म्हणून एक कसोटी आवश्यक आहे. कृतज्ञता ही स्वतःकडून मागावयाची गोष्ट आहे, दुसऱ्याकडून वसूल करावयाची नव्हे. वसूल केलेली कृतज्ञता हा एक प्रकारचा कर होय. ख्रिस्ती परंपरेतच याचे भान आहे. बायबलातील याकोबाच्या पत्रात शेतमजुरांची मजुरी अडवून ठेवणाऱ्या श्रीमंतांची कठोर शब्दांत निर्भर्त्सना केली आहे, आणि पोप लिओ तेरावे यांनी १८९१ च्या आपल्या परिपत्रकात कामगाराला न्याय्य वेतन मिळालेच पाहिजे असे बजावले. आभार हे वेतनाच्या बदली देता येत नाहीत. बायकोने केलेल्या पाच तासांच्या कामाबद्दल तिची स्तुती करणे चांगले. त्यातील दोन तास स्वतः उचलणे अधिक चांगले. केलेले जाणले की ते वाटून घ्यावेसे वाटते. तसे वाटत नसेल तर जाणणे अपुरे राहिले, असे समजावे.

मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळाने सिंधुदुर्गाची किनारपट्टी झोडपली. हापूसच्या हंगामातच बागांची हानी झाली, घरांची छपरे उडाली. अशा वेळी बागायतदाराला ‘आनंद माना’ म्हणणे ही क्रूरता ठरली असती. त्याला भरपाई हवी होती, वीज हवी होती, आणि त्या मागण्या न्याय्य होत्या. परंतु अशाच वेळी कोणी कोणाच्या छपरावर ताडपत्री टाकली, हेही घराघरांत स्मरणात राहते. मागणी आणि स्मरण या दोन गोष्टी एकाच माणसात नांदू शकतात. तक्रारअर्ज लिहिणाऱ्या हाताने आभाराचे चार शब्द लिहिले तर अर्ज दुबळा होत नाही.

दिवसाअखेरची उजळणी

मग सामान्य कुटुंबाने नेमके काय करावे? सोळाव्या शतकातील इग्नेशियस लोयोला यांनी घालून दिलेली रोजच्या आत्मपरीक्षणाची एक पद्धत आहे. त्यात पाच टप्पे आहेत. दोषांची तपासणी नंतर येते. पहिला टप्पा दिवसभरात मिळालेल्या गोष्टींबद्दल आभार मानण्याचा आहे. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आपल्या घरांत संध्याकाळची उजळणी होत नाही असे नाही. पण ती चुकांपासून सुरू होते आणि बहुधा दुसऱ्यांच्या चुकांपासून. गृहपाठ का राहिला, वीजबिल का भरले नाही, भाजीत मीठ का जास्त. हे प्रश्न विचारावेच लागतात. ते दुसऱ्या क्रमांकावर गेले तर त्यांची उत्तरे वेगळ्या आवाजात येतील.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलफ यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांना दर आठवड्याला, ज्यांबद्दल कृतज्ञ वाटते अशा पाचपर्यंत गोष्टी लिहावयास सांगितल्या. दहा आठवड्यांनंतर ते, आपल्या कटकटी लिहिणाऱ्यांच्या तुलनेने, अधिक समाधानी आणि आशावादी आढळले. पुढील अभ्यासांत हा परिणाम माफकच असल्याचे दिसून आले आहे. कृतज्ञता हे औषध नव्हे, आणि खिन्नतेच्या विकाराने ग्रासलेल्या माणसाला वैद्याऐवजी वही देणे योग्य होणार नाही. परंतु रोजच्या जेवणात मीठ हेही औषध नसते.

आता अखेरची शंका. ज्याचा देवावर विश्वास नाही त्याने आभार मानावयाचे कोणाचे? या प्रश्नाचे सोपे उत्तर माझ्यापाशी नाही. आपल्याला मिळालेले सर्व कोणीतरी दिलेले आहे, या श्रद्धेमुळे ख्रिस्ती माणसाला आभाराचा एक पत्ता मिळतो, आणि त्याचे काम सुकर होते, हे मान्य केले पाहिजे. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, असे टिळक म्हणत. म्हणजे तो पत्ता आपल्याही परंपरेला अनोळखी नाही. ज्याला यांपैकी कोणताच पत्ता मान्य नसेल त्याच्यासाठी एक जवळचा पत्ता उरतोच. सकाळी आपल्या आधी उठून ज्याने वा जिने दिवा लावला ते माणूस त्याच घरात असते. त्याच्या कामाची किंमत बाजारात शून्य आहे, आणि आपण ती शून्यच धरीत आलो आहोत. तो आकडा दुरुस्त करण्यास नव्या वेतन आयोगाची वाट पाहावी लागत नाही.